प्रियलचा गुडघा

मेहरूण, जळगाव
रविवार, सकाळ

प्रिय नूतन,

तू क्लबच्या ग्रुपवर जे लिहिलंस ते वाचलं. हेमलताने मैत्रिणीवरचा राग एका कोवळ्या पोरीवर काढला, राज्याच्या खो-खो शिबिरातून तुझ्या क्लबच्या प्रियलला मुद्दाम बाहेर ठेवलं, वगैरे वगैरे. खाली लोकांनी रडके चेहरे टाकलेत तेही पाहिले. मी तिथे एक अक्षर लिहिलं नाही, म्हणून तुला वाटलं असेल की बाई घाबरली. अगं, घाबरते कसली! मला तुझ्याशी बोलायचं होतं, गर्दीशी नाही. आणि फोनवर तू समोरच्याला बोलू देतेस कुठे? म्हणून हे पत्र, आजच माणसाहाती पाठवतेय. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी तुझ्यासाठी एक काम आहे.

आधी तुझ्या आरोपाचं बघू. तो खरा आहे. मी सूड घेतला. हे तू माझ्याकडूनच ऐकावंस असं मला वाटलं, म्हणजे तुला गावभर साक्षीदार गोळा करत फिरायला नको.

धुळ्याच्या वसतिगृहात मी आले तेव्हा मला धड मराठी बोलता यायचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याची पोर मी, तोंड उघडलं की अहिराणीच बाहेर यायची आणि मुली फिदीफिदी हसायच्या. तू तेवढी हसली नाहीस. तुझ्या आईने पाठवलेल्या डब्यातला अर्धा डबा तू माझ्यापुढे सरकवायचीस. सुट्टीत तू आमच्या घरी आलीस, आईच्या हातची कळण्याची भाकरी दोन दिवस खाल्लीस, आणि माझी आई, मोगराबाई, अजूनही विचारते, "तुनी मैतरीन बरी शे ना?" मी हो म्हणते. तिला काय सांगू?

आपण दोघी खो-खोत एकाच जागेवर खेळायचो. राज्याच्या संघात आपल्यातली एकच जाणार, हे दोघींनाही माहीत होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच पुण्याहून एक फिजिओ मॅडम मुलींचे पाय तपासायला आल्या. लाकडी खोक्यावर उभं राहायचं, खाली उतरून दोन्ही पायांवर टेकायचं आणि लगेच उंच उडी मारायची. मग एका पायावर बसून उठायचं. उतरताना गुडघे मऊ वाकतात का, पावलांच्या रेषेत राहतात की आत कोसळतात, एवढंच त्या बघत होत्या. पण हे आपल्याला कोण सांगणार? तुझा नंबर सकाळी होता, माझा दुपारी. तू बाहेर आलीस आणि मला बाजूला घेऊन कानात सांगितलंस, "गुडघे अजिबात वाकवू नकोस. वाकले की कमजोर म्हणतात. ताठ उतर, दणका ऐकू आला पाहिजे."

मी ताठ उतरले. आधीच त्या दिवशी पाय आंबलेले होते, त्यात सगळी ताकद लावून उतरले. गुडघ्यातून जो आवाज आला तो ऐकून मॅडमच खुर्चीतून उठल्या. पुढचं तुला ठाऊक आहे. लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, आणि खेळाडू म्हणून मी पुन्हा मैदानात पाऊल टाकलं नाही. तू दवाखान्यात केळी घेऊन आलीस, माझी वेणी घातलीस आणि माझ्या उशाशी बसून हुंदके देऊन रडलीस. मीच तुझे डोळे पुसले. मला वाटलं, बिचारीचा समज चुकीचा होता, मनाला लावून घेतलंय तिने. पुढे मी फिजिओथेरपी शिकले, माझ्या बाबतीत काय झालं ते पुस्तकात वाचलं, तरीही तुझ्याबद्दल वाईट विचार मनात आला नाही. इतकी वर्षं नाही आला गं.

मग गेल्या महिन्यात तुझा फोन. आमच्या प्रियलची तपासणी तुझ्याकडेच आहे म्हणे, जरा सांभाळून घे, माझा अख्खा क्लब तिच्यावर उभा आहे. मी म्हटलं बघते. आणि मग तू हसायला लागलीस. "आठवतं का, तुला मी कसं गंडवलं होतं? ताठ उतर म्हटलं आणि तू खरंच उतरलीस! किती भोळी होतीस तू!" पोरकटपणा होता आपला, असंही म्हणालीस. आपला! माझा त्यात काय पोरकटपणा होता, नूतन? आणि खरं सांगू, फोनवर मीही हसले. का हसले, देव जाणे. फोन ठेवल्यावर मात्र गुडघ्यावरची टाक्यांची खूण चाचपत बसले. त्या दिवशी मी ठरवलं की तुझी पोर माझ्यासमोर येऊ दे, मग बघते.

तपासणी धुळ्याला होती. तुझी प्रियल खोक्यावरून उतरली आणि मी बघतच राहिले. पाऊल टेकल्याचा आवाज नाही, गुडघे सरळ पावलांवर, एका पायावर बसली तरी हलली नाही. फारच सुंदर. इतकं सुंदर की मला शंका आली. तिची नजर सारखी आपल्याच गुडघ्यांवर होती आणि ओठ पुटपुटत होते. तू तिला आरशासमोर उभं करून ही तपासणी बसवून घेतली होतीस, गॅदरिंगचा नाच बसवतात तशी. अगं, पाय मजबूत करायचे असतात. तू त्यांना नुसतं मजबूत दिसायला शिकवलंस. सामन्यात पळताना कोण बघतं आपल्या गुडघ्याकडे?

इतर मुलींना मी खोक्याची तपासणी झाल्यावर लगेच सोडून दिलं होतं. प्रियलला म्हटलं, चल, मैदानात चौकोनात बस, माझ्याकडे पाठ करून. आणि मागून जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून जोरात "खो" दिला. हे मी फक्त तिच्याशी केलं, कारण ती तुझी होती. पोर उठली, झेपावली, आणि वळताना तिचा उजवा गुडघा सपशेल आत कोसळला. पुन्हा बसवलं, पुन्हा खो दिला, पुन्हा तेच. मला आनंद झाला, नूतन. लपवत नाही. सापडलीस, असं मी मनात म्हटलं, आणि ते तुला म्हटलं होतं, तिला नाही.

मग मी तिला विचारलं, दुखतंय का? ती फाटकाकडे बघायला लागली, तू आलीस का ते. आणि एकदम रडायलाच लागली. दिवाळीपासून दुखतंय म्हणाली. "नूतनताई म्हणाल्या, तपासणीत दुखतं म्हणायचं नाही. बर्फ लाव आणि गप्प बस." माझा आनंद तिथल्या तिथे विरला. राग राहिला, पण तो आता माझ्या एकटीचा नव्हता. ही तपासणी म्हणजे काही पत्रिका नव्हे, कुणाचा गुडघा कधी जाईल हे मला सांगता येत नाही. पण दुखणारा, असा कोसळणारा गुडघा घेऊन पोरीला शिबिरात ढकलणं कोणत्या शास्त्रात बसतं? मी तिला थांबवलं. दुसऱ्या दिवशी, मनाला खात होतं म्हणून, बाकीच्या सगळ्या मुलींना परत बोलावून तसाच खो दिला. त्यात मी मेहरूणला चालवते त्या क्लबची एक मुलगी निघाली, तिलाही थांबवलं. ते मात्र तू ग्रुपवर लिहिलं नाहीस.

त्याच आठवड्यात नशिराबादहून प्रियलची आजी, धनकुंवरबाई, माझ्या क्लिनिकवर आल्या. डोक्यावर पदर, आवाज असा की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. चालती-फिरती पोर नापास कशी केली, म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं. मी वाद घातला नाही. प्रियलला म्हटलं, आरशाकडे बघू नकोस, आजीकडे बघ, आणि एका पायावर बस. आजीने स्वतः बघितलं. मग त्यांनी नातीला मारवाडीत खोदून खोदून विचारलं, आणि बर्फाचं, गप्प बसण्याचं सगळं बाहेर आलं. उठताना म्हणाल्या, "पाय आमच्या घरचे आणि मेडल त्या बाईचं, असं कसं चालंल?"

तेव्हापासून प्रियल रोज सकाळी काकाच्या स्कूटरवर बसून माझ्याकडे येते. पायऱ्या, रबरी पट्टे, एका पायावर तोल, सगळं कुरकुर न करता करते. आता चेंडू फेकला, मागून हाक मारली तरी गुडघा बऱ्यापैकी जागेवर राहतो. तुला ती अजून ताईच म्हणते. मला ते टोचतं, पण मी तिला तुझ्या-माझ्याबद्दल काहीही सांगितलेलं नाही.

आता तुझं काम. उद्या धनकुंवरबाई पिंप्राळ्याला तुझ्याकडे येतील. प्रियलला तुझा क्लब सोडून माझ्याकडे यायचंय, आणि तुझी ना-हरकत मिळाली नाही तर तिला अख्खं वर्ष बसून काढावं लागेल. हे पत्र त्या सहीसाठी लिहिलंय. तू नाही म्हणणार, लांबवणार, पोरीला भावनेत गुंतवणार, मी ओळखते तुला. म्हणून आधीच सांगते. सही केली नाहीस, तर तुझ्या प्रत्येक मुलीच्या आईबापांना बोलावून मी सांगेन की दुखणाऱ्या पोरीला तू काय शिकवलंस, आणि त्याआधी धुळ्याला मला काय शिकवलं होतंस. आजीबाई माझ्या शेजारी उभ्या राहतील. ही धमकी आहे, दुसरं काही समजू नकोस. तिच्याशिवाय तुझा क्लब पहिल्या फेरीतच गारद होईल, हे मला माहीत आहे आणि मला त्याची जराही कीव येत नाही. तू एक खेळाडू कायमची बसवलीस. मी तुझी सगळ्यात चांगली खेळाडू घेऊन चालले आहे, आणि ती धावणार आहे. बरी झाली की पहिला सामना तुझ्याच क्लबविरुद्ध मागून घेईन. बघायला नक्की ये.

एके काळची तुझीच,
हेमलता