आमचं तूप, तुमचं कॉलेज

अमरावती,
१९ जून १९६४

रा. रा. देवरावजी साडभाऊ, रेल्वे क्वार्टर, अकोला, यांना धाकट्या साडभावाचा, म्हणजे देवमनचा, मानाचा जय भीम.

इकडे आम्ही सारे ठीक आहोत. तिकडे तुम्हीही ठीक असणारच, कारण अकोल्याच्या लोकांना कधी काही होत नाही. जे व्हायचं ते आम्हा अमरावतीकरांनाच होतं. केशरबाईंचा गुडघा कसा आहे? आमची मनकर्णा आपल्या बहिणीबद्दल म्हणत होती की आता त्या कठडा धरून का होईना, पण जिना चढतात. ऐकून बरं वाटलं. तुमच्या खोकल्याबद्दल मात्र मी मुद्दामच विचारत नाही. माझा तुमच्यावर राग आहे, आणि रागावलेल्या माणसानं खोकल्याची चौकशी केली की पुढं त्याचं कोणी ऐकत नाही. (अडुळशाचा काढा घेत जा. बिड्या कमी करा. हे रागानंच लिहीत आहे.)

राग कशाचा ते तुम्हाला उमजलेलं नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो. आमची ललिता यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेली. रसायनशास्त्रात वर्गात पहिली. आपल्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली, हे मी सांगत नाही, तुम्हीच मागच्या साली नागपूरला दीक्षाभूमीवर ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना थांबवून सांगत होता. तिला मास्तरीण व्हायचं नाही. तिला प्रयोगशाळेत काम करायचं आहे, आणि मुंबईची एक मोठी औषधांची कंपनी आपल्या प्रयोगशाळेत मुलींनाही घेते. त्या कंपनीनं हिवाळ्यात कळवलं, की आम्ही वऱ्हाडातलं एकच कॉलेज धरणार आणि दर वर्षी तिथल्याच शेवटच्या वर्गातून माणसं निवडणार. एक तर अमरावती, नाही तर अकोला. पाहायला साहेब येणार, आधी अमरावतीला. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका निवडीवर येऊन थांबलं.

आता मुंबईची कंपनी कॉलेज निवडते तरी कशावरून? मी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दोन्ही कॉलेजं नागपूर विद्यापीठाची. पेपर तेच, तपासणारे तेच, नापास करणारेही तेच. मग डावं-उजवं करायचं कसं? आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत यावर आठवडाभर चर्चा चालली आणि त्या काळात शिकवणं जवळजवळ बंदच होतं. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, साहेब लोक पोरांचं इंग्रजी बोलणं पाहतात. गणिताचे म्हणाले, फर्स्ट क्लास मोजतात. खेळाचे मास्तर म्हणाले, मैदान पाहतात (आमचं मैदान म्हणजे म्हशींची बसायची जागा, म्हणून त्यांना सगळ्यांनी गप्प बसवलं). मी एका कोपऱ्यातून म्हणालो, की मला वाटतं साहेब बडनेरा पाहतील. तुमची अकोल्याची मेलगाडी थेट अकोल्यात उभी राहते, आणि आमच्याकडे यायचं तर बडनेऱ्याला उतरून, सामान सांभाळत, शटलची वाट पाहत बसावं लागतं. मुंबईचा माणूस तिथंच कंटाळणार. हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं, आणि आमची सारी अक्कल बडनेऱ्यापाशी जाऊन अडकली.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष जानराव. संत्र्याची मोठी बाग, मिलिटरीच्या लिलावात घेतलेली जीप आणि कोणाचं न ऐकण्याची सवय, एवढं सांगितलं की तुम्हाला माणूस कळला. त्यांनी जाहीर केलं, "साहेबाले शटलमंधी बसूच द्याचं नाही. मी जीप घेऊन जातो. त्याले समजलंच नाही पायजे का बडनेरा कुठं संपलं अन् अमरावती कुठं लागली." इथपर्यंत बेत उत्तम होता. मीच टाळी वाजवली. स्वागताला प्राचार्यांबरोबर मलाही घेतलं, कारण हार धरायला कोणी तरी पाहिजे होतं.

साहेब आले जानेवारीत. गाडी सकाळची, परतीची संध्याकाळची. चांगले होते हो बिचारे. बारीक अंगाचे, चष्मा, हातात पिशवी, उतरल्या उतरल्या म्हणाले की मला प्रयोगशाळा बघायची आहे आणि विद्यार्थ्यांशी थोडं बोलायचं आहे, बाकी काही नको. तुम्हीच सांगा साडभाऊ, पाहुणा "बाकी काही नको" म्हणाला तर आपल्या वऱ्हाडात त्याचा अर्थ काय घेतात? जानरावांनी तोच घेतला. रस्त्यात त्यांची बाग लागते. पूस-माघाचे दिवस, वावरात ज्वारी हुरड्यावर आलेली, आणि पाहुणा तसाच पुढं जाऊ द्यायचा म्हणजे जानरावांचं सात गावांत नाक कापल्यासारखं. जीप बागेत वळली. साहेबांनी घड्याळ दाखवलं. जानराव म्हणाले, "कॉलेज काही पळून नाही चाललं साहेब. आधी दोन दाणे तोंडात टाका."

दोन दाण्यांचा हुरडा सुपानं आला. मग शेंगदाण्याची चटणी, मग गूळ, मग दही. साहेबांना वाटलं झालं जेवण, ते हात धुवायला उठले. त्यांना काय ठाऊक की तिकडं आंब्याखाली गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायला घातले आहेत! वांग्याची भाजी, वरण, आणि रोडगा कुस्करून त्यावर तूप. तूप जानराव स्वतः वाढतात, तांब्यानं वाढतात, आणि समोरच्यानं हात आडवा धरला तर हातावर वाढतात. (मी पाहिलं आहे. माझ्याही हातावर वाढलं.) साहेब मधूनमधून "प्रयोगशाळा..." म्हणायचे आणि जेवण आटोपायच्या आधी कामाचं बोलणं म्हणजे यजमानाचा अपमान, म्हणून आम्ही सगळे ऐकू न आल्यासारखं करायचो. मी खोटं कशाला बोलू, मी सुद्धा "अजून एक घ्या साहेब" म्हणत होतो. तिथं बसलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. जेवण झाल्यावर साहेबांना खाटेवर जरा टेकायला सांगितलं. ते टेकले ते एकदम घोरायलाच लागले. झोपलेल्या पाहुण्याला उठवायचं कोणी? प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जानरावांकडे पाहिलं, आणि जानराव तर स्वतःच दुसऱ्या खाटेवर घोरत होते.

साहेब जागे झाले तेव्हा गाडीची वेळ झाली होती. आम्ही त्यांना जीपमध्ये घातलं, मांडीवर संत्र्यांची करंडी दिली आणि बडनेऱ्याला परत नेऊन गाडीत बसवलं. साहेब हात जोडून म्हणाले, असं आदरातिथ्य आयुष्यात पाहिलं नाही. आम्ही खूश. येताना जीपमध्ये जानरावांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "देवमनजी, कंपनी आपली झाली!" मलाही तसंच वाटलं. कॉलेजच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की साहेबांनी कॉलेज पाहिलंच नाही.

प्रयोगशाळेत पाच पोरं सकाळपासून धुतलेले कपडे घालून प्रयोग मांडून उभी होती. चार कंटाळून निघून गेली होती. ललिता तेवढी होती. मला म्हणाली, "बाबा, साहेब आले काहून नाही?" माझ्या सदऱ्यावर तुपाचा डाग होता. तिनं तो पाहिला आणि एकेक नळी धुवायला लागली. साडभाऊ, त्या दिवशी मला जेवढं वाईट वाटलं तेवढं आजवर कधी वाटलं नाही.

तरी आशा सोडली नव्हती. प्राचार्य म्हणायचे, साहेब खाल्ल्या मिठाला जागतील. मग एप्रिलात निकाल आला: कंपनीनं अकोला धरलं. वऱ्हाडातलं जे एक कॉलेज पाहता आलं तेच घेतलं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळे चक्रावलो. साहेब अकोल्याला गेले कधी? त्यांचं तिकीट तर थेट मुंबईचं होतं!

मे महिन्यात मनकर्णा तुमच्याकडे राहून आली आणि तिनं हसत हसत सगळं सांगितलं. (हसत! स्वतःच्या पोरीचं वाटोळं झालं आणि ही हसते.) साहेबांच्या पोटात मूर्तिजापूरपासूनच कळा सुरू झाल्या, ते अकोल्याला गाडीतून वाकत वाकत उतरले, आणि पार्सल ऑफिसात बसलेल्या तुम्ही त्यांना उचलून थेट घरी नेलंत. औषधांच्या कंपनीचा एवढा मोठा साहेब, पिशवीत एक गोळी नाही! केशरबाईंनी ओवा अन् काळं मीठ हातावर ठेवलं आणि दम दिला, "चावून खा, तोंड वाकडं नका करू." सकाळी साहेब टुणटुणीत. गाडीला वेळ, करायला काही नाही, आणि तुमच्या घरी ताकाखेरीज त्यांना काही द्यायचं नाही असा केशरबाईंचा हुकूम. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "साहेब, बसून कंटाळाल. जवळच कॉलेज आहे, जरा पाय मोकळे करून या." साहेब गेले. हार नाही, भाषण नाही, अध्यक्ष नाही, कोणी विचारलं सुद्धा नाही की तुम्ही कोण. पोरं आपापला प्रयोग करत होती, साहेब त्यांच्याशी पोटभर बोलले, सगळं पाहिलं आणि मुंबईला गेले.

म्हणजे बाग आमची, हुरडा आमचा, तूप आमचं, आणि कंपनी तुमची! बरं, तुम्ही हे मुद्दाम केलं असतं तर मी निदान भांडलो तरी असतो. एका दुखणाईत माणसाला तुम्ही घरी नेलं, त्यात मी काय दोष काढू? पण साडभाऊ, पाय मोकळे करायला अकोल्यात दुसरी जागाच नव्हती का? किल्ल्याकडे पाठवायचं, मोर्णेच्या काठी पाठवायचं. तुमच्या त्या एका वाक्यानं माझ्या पोरीची जागा गेली, आणि म्हणून हे पत्र. मला जे बोलायचं होतं ते बोलून झालं. यापुढं तुमचं अकोला तुम्हाला लखलाभ. आमची अमरावती आम्हाला पुरेशी आहे, आमच्याकडे फर्स्ट क्लासही जास्त आहेत.

केशरबाईंना जय भीम, बाळगोपाळांना आशीर्वाद.

तुमचा (सध्या रागावलेला)
देवमन

ता. क. अकोल्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बाहेरची मुलं घेतात काय? ऑफिसच्या कामासाठी विचारत आहे. आमच्याकडचा दाखला मी तयार करून, सही-शिक्का घेऊन ठेवला आहे. तोही ऑफिसच्याच कामासाठी.

ता. क. २. तुमच्या मागच्या खोलीत हल्ली कोणी राहतं काय? उजेड बरा असतो ना? अभ्यासापुरता?

ता. क. ३. हे पत्र टपालानं पाठवलेलं नाही. ते घेऊन ललिता आली आहे. दाखला तिच्याजवळ आहे. तिला वर्षभर तुमच्याकडे ठेवून घ्या, साडभाऊ. वर जे काही लिहिलं ते मनावर घेऊ नका, रागात माणूस काहीही लिहितो, आणि नव्यानं लिहायला कागद उरला नव्हता. मी स्वतः पोचवायला आलो असतो, पण ऑफिसात कामाचा नुसता ढीग पडला आहे, रजा मिळाली नाही.

मोठे बाबा, जय भीम. खालचं हे मी तुमच्या फाटकापाशी उभी राहून पेन्सिलीनं लिहीत आहे, म्हणून अक्षर असं. बाबांना रजा मिळाली आहे. ते कोपऱ्यावरच्या पानठेल्यामागं उभे आहेत. "मले तोंड दाखवता येत नाही, तू जा, मी परतीच्या गाडीनं जातो," म्हणतात. तुम्हीच जाऊन त्यांना हात धरून घेऊन या. माझी पेटीही त्यांच्याच डोक्यावर आहे.
ललिता