वसतिगृहात न्यायालय

१२ जून
मंजूर झालं! आपल्या गावाला सत्र न्यायालय. खुनाच्या खटल्यांसाठी आता चंद्रपूर गाठायला नको. नगराध्यक्ष झाल्यापासून मी याच एका कामाच्या मागे होते.

थेट नूरीबाईकडे गेले. ती शिलाई मशीनवर होती. तिचा नवरा रहीमभाई जाऊन सहा वर्षं झाली. चोरट्या रेतीच्या ट्रॅक्टरांची तक्रार केली म्हणून भर चौकात रॉडनं मारलं त्याला. तेव्हापासून हिचं तेच – पहाटेची बस, दिवसभर कोर्टाच्या पायऱ्यांवर, हातात पुढची तारीख.
"आता इथीच चालन केस?"
"इथीच."
ती रडली. मीपण.

१ जुलै
मुख्याधिकाऱ्यांनी पत्र वाचून दाखवलं. न्यायाधीश, कर्मचारी, पगार शासनाचे. इमारत, पाणी, कुंपण, आरोपींची खोली – नगरपंचायतीनं द्यायची. स्वतःची इमारत होईपर्यंत.
"म्हणजे किती वर्षं?"
ते नुसते हसले.
टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, नळाचा निधी कुंपणाला जाणार. आणि तेवढी मोठी इमारत आपल्याकडे एकच आहे – मुलींचं वसतिगृह.

९ जुलै
नगरपंचायतीची सभा. विषय – वसतिगृह कोर्टाला देणं. नगरसेवक अजय म्हणाला, "गावाची शान वाढन." एकट्या रुखमाबाई उभ्या राहिल्या. "पोरी कुठी जातीन, ते सांगा पहिले."
मी म्हणाले, भाड्यानं घर बघू. मग मतदान. पहिला हात माझाच.

२८ जुलै
घर मिळालं नाही. पोरींसाठी म्हटलं की सगळ्यांकडे पाहुणे येणार आहेत म्हणे.

३ ऑगस्ट
पोरी गेल्या. सोमारीला न्यायला तिचे वडील आले, झिंगूभाऊ. बारावीला आहे ती. गाव पार जंगलात.
मी म्हटलं, "सायकल देते. रोज येऊन-जाऊन शिकू द्या तिला."
"त्या रस्त्यानं वाघ आहे ना, बाई."
एवढंच बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.
सोमारी गादी गुंडाळत होती. "मॅडम, कोर्टाले दुसरी जागा नव्हती काय?"
नव्हती. खरंच नव्हती. तेवढं सांगितलं आणि तिच्या गादीचं दुसरं टोक धरलं.

१९ ऑगस्ट
कॉलेजात चौकशी केली. सोमारी येत नाही. नाव अजून पटावर आहे, म्हणाले.

२१ डिसेंबर
उद्घाटन. मांडव, हार, भाषणं. पोरींच्या जेवणाच्या खोलीत न्यायासन मांडलंय. माझं कौतुक झालं. रहीमभाईची केस इकडे वर्ग झाली. नूरीबाई नवी साडी नेसून आली होती, मागच्या रांगेत बसली. तिच्याकडे बघून वाटलं – झालं ते ठीकच झालं. तसं वाटून घेतलं.

१७ जानेवारी
गुलाबभाऊंची साक्ष होती. चौकात त्यांची चहाटपरी. रहीमभाईला मारताना पाहिलेले आणि अजून जबाबावरून न फिरलेले ते एकटेच. चंद्रपूरला दर तारखेला जायचे, नंबर लागायचा नाही. आज लागला. पुकारा झाला आणि गुलाबभाऊच नाहीत.

त्यांच्या घरी गेले. आतून कडी. बऱ्याच वेळानं उघडलं.
"काऊन नाई आले, भाऊ?"
"चंद्रपूरले मले कोणी ओळखत नव्हतं, ताई. इथी त्या रेतीवाल्याईचे पोरं कोर्टाच्या गेटावरच बसून राह्यतेत. सकाळी टपरीवर चहा प्याले. काही बोलले नाई. माह्या नातीले बिस्किट देऊन गेले."
मी पोलीस बंदोबस्ताचं बोलले.
"पोलीस पाच वाजता घरी जाते. मले त्याच चौकात राहाचं आहे."
हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

३० जानेवारी
पुन्हा तारीख. पुन्हा गैरहजर. वॉरंट निघेल म्हणतात – गुलाबभाऊंवर.

२ फेब्रुवारी
नूरीबाई आली होती. जिल्हा न्यायालयात अर्ज करतेय – केस परत चंद्रपूरला न्या. सोबत नगराध्यक्षाचं पत्र हवं, इथे साक्षीदाराला धोका आहे असं.
दिलं. सही करून दिलं.