बाबांना माझे बूट आवडले

५ जानेवारी

निश्चय केला. रविवारी बाबा येताहेत, आता कायमचे आपल्याकडे. ताईच्या सुनेचं बाळंतपण आहे, तिच्या घरात जागा नाही. तर बाबा आले की घरात बूट बंद. दुकानात लॉकर आहे. सकाळी चपला घालून जायचं, तिथे बूट चढवायचे, संध्याकाळी उतरवून ठेवायचे. सोपं आहे. मी काही बुटांचा गुलाम नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बघू. या एका 'बघू'मध्ये तिचा माझ्यावरचा सगळा अविश्वास मावतो.

नोंद: हे व्यसन नव्हे, आवड आहे. लोक कबुतरं पाळतात.

७ जानेवारी

बूट पॉलिश केले. काळे, घोट्याच्या वरपर्यंत, बाजूला चेन, तीन इंची टाच. बायकांच्या सेक्शनमधून घेतले होते, सगळ्यात मोठा नंबर. सेल्समनने विचारलं होतं, मिसेससाठी का? मी म्हणालो होतो, हो. तेवढं एकच खोटं. बाकी सगळं उघड. बस, बाजार, बँक, दुकान, सगळीकडे हेच बूट.

उंचीसाठी नाही घालत. मी मुळात उंच आहे. पण त्यात पाय घातला की पाठ आपोआप सरळ होते. पाऊल टाकलं की फरशी उत्तर देते. चपलेत मी नुसता चालतो, बुटांत मी येतो. हे कुणाला सांगायला गेलो तर हसतील, म्हणून इथे.

लोकांना आता सवय झालीय. कुणी बघतसुद्धा नाही. आज बसमध्ये दोन मुलं हसत होती, पण ती मोबाइलमध्ये काहीतरी बघत असणार.

१० जानेवारी, रविवार

बाबा आले. फार बारीक झालेत. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मी चष्म्याच्या दुकानात नोकरीला आणि माझ्या बापाला लागेल असा चष्मा जगात नाही. ताई त्यांची बॅग ठेवून लगेच निघाली. जाताना माझ्या पायांकडे बघितलं. मी अनवाणी होतो. म्हणाली, शहाणा आहेस.

कारण जुनं आहे. ताईच्या घरी बाबांनी माझे बूट पहिल्यांदा बघितले होते, तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले. नंतर ताईकडे निरोप ठेवला, त्याला म्हणावं, माझ्याकडे येताना माणसासारखा ये. तेव्हापासून बाबांकडे जाताना मी चपला घालतो. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. बोलणंच होत नाही, तर भांडण कुठून होणार?

रात्री त्यांच्या खोलीत डोकावलो. त्यांनी विचारलं, कोण? मी म्हणालो, मी. म्हणाले, हं. एकूण सुरुवात चांगली झाली.

१४ जानेवारी

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. उद्यापासून मी काउंटरवर नाही, आत काचा घासायच्या मशीनवर. म्हणाले, तुमच्यासारखा अनुभवी माणूस आत हवा. मी म्हणालो, गिऱ्हाइकांना माझी सवय आहे. ते म्हणाले, तेच तर. म्हणजे बढतीच म्हणायची. घरी सांगितलं. बायकोने विचारलं, पगार वाढला? म्हटलं, सगळं एकदम कसं होईल?

२२ जानेवारी, संध्याकाळी

घोटाळा झाला. दुकानात दिवसभर मशीनशी झटापट, डोकं भणभणलेलं. लॉकरपाशी गेलोच नाही. तसाच बुटांत घरी. पॅसेज ओलांडला, हॉल ओलांडला, बाबांच्या खोलीच्या दारात पोचलो तेव्हा लक्षात आलं.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. वळले. चेहरा असा उजळला की मी मागे बघितलं, माझ्या पाठीमागे कुणी आहे का. कुणी नव्हतं.

म्हणाले, आलीस?

म्हणजे आलास. त्यांची कवळी वाटीत होती. कवळी नसली की त्यांचे शब्द घसरतात.

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. ते म्हणाले, दमलीस. बस.

कवळी नीट बसत नसेल तर डेंटिस्टला दाखवायला हवं.

२३ जानेवारी

रात्रभर विचार केला. बाबांचा राग बुटांच्या दिसण्यावर होता. आता दिसणं गेलं, ऐकणं उरलं. आणि ऐकायला माझे बूट छानच आहेत, हे मी कधीपासून म्हणतोय.

५ जानेवारीचा निश्चय रद्द.

२७ जानेवारी

रोज जातो. रोज तसंच होतं. आज तर पलंगावर सरकून त्यांनी मला जागा करून दिली. हाताने थोपटून दाखवली, इथे बस म्हणून. उभ्या जन्मात या माणसाने मला जवळ बस म्हटलेलं नाही. बसलो. ते काहीबाही बोलत राहिले. छापखान्यातल्या फोरमनची तक्रार, शाई महाग झाली, पाण्याची टाकी गळते. मी ऐकत राहिलो. मला पन्नाशीत बाप मिळाला असं वाटलं. असलं लिहू नये, पण वाटलं.

बायको दारात उभी होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, तुम्ही त्यांच्याशी बोलत का नाही? म्हटलं, बापलेकांना शब्द लागत नाहीत. ती स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ सुरू होता.

३१ जानेवारी

आज बोललो. बसल्या बसल्या म्हणालो, बाबा, मी.

चेहरा शटरसारखा खाली आला. म्हणाले, तू कधी आलास? ती कुठे गेली?

बायकोबद्दल विचारत असणार. म्हणालो, आत आहे. म्हणाले, पाठव तिला. बायकोला पाठवलं. ती लगेच परत आली. म्हणाली, त्यांना मी नकोय. मग कोण हवंय? ती म्हणाली, विचार करा जरा. केला. काही सुचलं नाही.

कवळी आजही वाटीतच होती. तरी 'आलास' अगदी स्पष्ट म्हणाले. हे नुसतं नोंदवून ठेवतो, त्यात अर्थ काही नाही.

नवा निश्चय: त्यांच्यापाशी बोलायचं नाही. आपलं न बोलताच छान जमतं.

३ फेब्रुवारी

राहवलं नाही. ताईला फोन केला. म्हटलं, ताई, बाबांना माझे बूट आवडले. तिने दोनदा विचारलं, काय? वाटलं रेंज गेली. सगळं सविस्तर सांगितलं, उजळलेला चेहरा, थोपटून दाखवलेली जागा. ती म्हणाली, रविवारी येते.

बरेच प्लॅन डोक्यात आहेत. तपकिरी रंगाचा एक जोड बघून ठेवलाय. थंडी कमी झाली की बाबांना बागेत न्यायचं, त्यांचा हात माझ्या हातात, माझ्या पायात बूट. लोक बघेनात का. ताईला फोटो काढायला लावू.

७ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. बाबांच्या खोलीत कोपऱ्यात खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, ये बरं बाहेरून. मी आलो. बाबा म्हणाले, आलीस? ताईने तोंडाला पदर लावला आणि मला हाताला धरून गॅलरीत नेलं.

म्हणाली, अरे, आई कोर्टात टायपिस्ट होती तेव्हाचं काही आठवतंय का तुला? बाबांची सकाळची पाळी, ते आधी घरी यायचे. चहाचं आधण ठेवून बसून राहायचे. जिन्यावर तिच्या टाचा वाजल्या की मग चहाची पूड टाकायचे. रोज. एक दिवस चुकला नाही.

मी म्हणालो, बरं मग?

म्हणाली, मग काय मग? ते तुला आलीस म्हणतात.

मी तिला शांतपणे समजावलं. एक, कवळी. दोन, आईच्या सँडलची टाच पेन्सिलीसारखी, तिचा आवाज टिक. माझी टाच जाड, हिचा आवाज टक. जमीनअस्मानाचा फरक. ज्यांचे डोळे जातात त्यांचे कान तिखट होतात, बाबा असली चूक करणार नाहीत.

ताई म्हणाली, तू काचा घास. मला आवाजातलं शिकवू नकोस. मग रडायला लागली. म्हणाली, तिला जाऊन इतकी वर्षं झाली, माझ्याकडे होते तेव्हा कधी नाव काढलं नाही रे त्यांनी. मी तिला पाणी दिलं. अर्धा पेला माझ्याच शर्टावर सांडला. गॅलरीत गार वारं होतं.

फोटो काढायचा राहिला.

१० फेब्रुवारी

ठरलं. बाबांनाच सरळ विचारायचं. दूध का दूध, पाणी का पाणी.

११ फेब्रुवारी

आज त्यांचं बीपी जास्त होतं. अशा वेळी नको.

१३ फेब्रुवारी

आज बीपी नॉर्मल होतं. उगाच कशाला वाढवा?

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी

विचारलं.

बूट घालून गेलो. ते रोजचं म्हणाले, आलीस? जागा केली, मी बसलो. मग म्हणालो, बाबा, मी आहे. हे बूट माझे आहेत. मीच चालत येतो रोज.

ते कोपरावर उठले. मग हात पुढे केला. माझ्या गुडघ्यावरून, नडगीवरून हात खाली नेला. चेन चाचपली. टाच मुठीत धरली, छापखान्यात अक्षरांचे खिळे तपासताना धरत असतील तशी. मी थांबलो होतो. म्हटलं आता शिवी देतील, घराबाहेर हो म्हणतील. काहीही चाललं असतं. उत्तरसुद्धा तयार होतं माझं, किती वर्षांपासून तयार आहे.

म्हणाले, म्हणजे ती नाही आली?

मी म्हणालो, नाही.

म्हणाले, एकदाही नाही?

मी म्हणालो, नाही, बाबा.

त्यांनी टाच सोडली. बुटांबद्दल एक शब्द नाही. भिंतीकडे वळून पडले.

१९ फेब्रुवारी

जेवत नाहीत. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, शरीरात तसं काही नाही. बायको भात कालवून भरवायला बसते, ते ओठ मिटून घेतात. मी चपला घालून गेलो. त्यांनी विचारलंही नाही, कोण म्हणून.

बायको म्हणाली, बूट घालून जा ना. म्हटलं, मी बहुरूपी नाही. मी काय तिचं सोंग घेऊ? इतकी वर्षं लोकांची बोलणी खाऊन हे बूट मी माझे म्हणून घातले. माझे. ती म्हणाली, बोलणी खाल्लीत? तुम्ही तर म्हणायचात कुणी बघत नाही.

मी भाताची वाटी झाकून ठेवली.

मग ती म्हणाली, सोंग घ्या असं कोण म्हणतंय? नुसतं चाला.

२० फेब्रुवारी

चाललो. पॅसेज, हॉल, खोली. दारात थांबलो. ते वळले नाहीत. परत गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा वळले. म्हणाले, कालपासून कुठे होतीस?

वाटीभर भात खाल्ला. बायकोने भरवला, मी नुसता बसून होतो.

२५ फेब्रुवारी

आता दुकानात चपलाच. बाहेर बूट घालावेसे वाटत नाहीत. घातले की ते दुसऱ्या कुणाचे मागून आणल्यासारखे वाटतात. पाठ दुखते. मालक खूश, परत काउंटरवर घेतलं. एक गिऱ्हाईक म्हणालं, बऱ्याच दिवसांनी दिसलात. मला बाकी कुणी काही म्हणालं नाही. बसमध्येही नाही. खरंच कुणी बघत नाही.

तपकिरी जोड विकला गेला. बरं झालं.

३ मार्च

आज बाबा खूप बोलले. आवाज पार खोल गेलाय, कान तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाले, शेजारचे परत तक्रार घेऊन आले होते. आपलं पोरगं तुझ्या सँडल घालून जिन्यात वरखाली करतं. तू हसतेस. हसू नकोस, मी सांगतोय ते ऐक.

मी हसत नव्हतो. मला यातलं काही आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही.

म्हणाले, बाहेरचं जग वाईट आहे. पोरं दगड मारतील त्याला. मी बोलायला गेलो की माझा आवाजच चढतो, मग तो माझ्यासमोर येईनासा होतो. दोन दोन दिवस येत नाही. तू सांग त्याला. तुझं ऐकतो. पण मारू नकोस. सांगशील ना?

मी काही बोलू शकत नव्हतो. माझा आवाज ओळखला असता त्यांनी. म्हणून हात दाबला.

ते म्हणाले, जा, बघ, आला का तो?

उठायला गेलो, पण त्यांनी हात सोडला नव्हता. झोप लागली होती. बायकोने जेवायला हाक मारली, मग येऊन बघून गेली. मी तसाच बसलो.