फ्रेम सोप्यातनं हलणार न्हाय

आण्णा,

पाच वाजता पावणं मला बघायला येणार, म्हणून सकाळी तुम्ही हुकूम सोडलात की वाकळा शिवायची फ्रेम बाहेरच्या सोप्यातनं काढ आणि तिच्यावरची बिघडलेली मशीन विकून टाक. दोन्ही होणार न्हाय.

मशीन बिघडलेलीच न्हाय. चार दिवस टाके सुटत होते, दोरा तुटत होता, मी सुयांवर सुया बदलत बसले. काल तुम्हाला बघितलं. फ्रेमवरची वाकळ जरा सैल दिसली की तुम्ही येता-जाता ती बाजंगत ताणून ठेवताय. जन्मभर सुंभाच्या बाजा विणल्यात, हात शिवशिवणारच की. पण कापड हलगीसारखं ताणलं की टाका बसत न्हाय. खालनं बोट वर दाबलं तर वरनं ते कापडासकट चिमटीत धरता यावं, एवढं सैल लागतंच. तेवढं सैल करून ठेवलंय, टाका आता नीट बसतोय. आता हात लावायचा न्हाय.

सुया संपल्या, महाद्वार रोडला जाऊन येते. पावणं आधी आले तर त्यांना वाकळ उलटी करून खालचा टाका दाखवा. तो बघून बी ज्यांना ही मशीन घरात नको वाटंल, त्यांना चहा पाजून वाटेला लावा. माझी वाट बघू नका.

निशिगंधा