बिनखांबाचा मांडव

आबा, तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं. वडगावच्या घरी तुम्ही जेवायला बसला होता आणि डाळजची मंडळी लग्नाच्या मांडवाचं ठरवायला आली होती. त्यांनी मासिकातून कापलेलं एक चित्र आणलं होतं, उमलत्या कमळासारखं स्टेज. तुम्ही हात धुतलेत, चित्र नीट पाहिलंत आणि परत दिलंत. "आमच्या माणसांच्यानं हे व्हायचं न्हाय." आपले मांडव उभारणारे मिस्त्री दाराशी चहा पीत बसलेत, अजून दिसतात मला. त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. अर्धा कप तसाच ठेवून ते उठून जातात. मी पुण्यात डिझाइन शिकत होते, सुट्टीला आले होते. त्यांना न विचारता तुम्ही कसं सांगितलंत म्हणून मी भांडले. तुम्ही एवढंच म्हणालात, "मला म्हाईत हाय." काय माहीत होतं, ते ना तुम्ही सांगितलंत, ना मी पुढं विचारलं. ते मिस्त्री बरेच दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलायचे.

आता धंदा मी बघते. बारामतीत गोडाऊन घेतलंय, मांडवाची चित्रं कॉम्प्युटरवर काढते. यंदा इंदापूरच्या एका लग्नासाठी मी गोल, मधे एकही खांब नसलेला मांडव काढला, वर फुलांचं छत. पण तुमच्यासारखं करायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आधी सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, हे आपल्याला जमेल का? आताचे मिस्त्री म्हणाले, "जमतंय की, ताई." फुलांचं काम बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, "व्हय, करू." कुणीच नाही म्हणालं नाही. मला किती बरं वाटलं. लग्नाच्या आदल्या दिवशी छताचं गोल कडं वर चढवलं आणि ते एका अंगानं खाली यायला लागलं. पुन्हा उतरवलं, पुन्हा चढवलं. खाली उभं राहणाऱ्यांची मला भीती वाटायला लागली. शेवटी मधोमध खांब लावला आणि त्याला झेंडू गुंडाळला. मुलीचे वडील खांबाकडं बघून नुसते निघून गेले. ते जास्त लागलं.

परत येताना टेम्पोत मिस्त्रींना विचारलं, तुम्हाला आधी कळलं नव्हतं का?

"वाटत हुतं थोडं."

"मग बोलला का नाही?"

"तुमी एवढ्या हौसेनं काढलं हुतं."

मावशी मागून म्हणाल्या, "मला वाटलं, मिस्त्रीला जमतंय म्हंजे जमंल."

मग सणसरचं काम आलं, झुलत्या कमानींचं. या वेळी मी कुणाला विचारलंच नाही, सरळ नाही म्हणून टाकलं. मिस्त्रींना ते बाहेरून कळलं. गोडाऊनच्या दारात येऊन म्हणाले, "हे जमलं असतं, ताई. इचारायचं तरी." आवाज चढवला नाही, पण नंतर दिवसभर माझ्याकडं बघितलंही नाही.

आबा, विचारलं तर माझं मन राखायला हो म्हणतात, न विचारता ठरवलं तर दुखावतात. आणि खरं सांगायचं तर सणसरला मी नाही म्हणाले ते त्यांना जमणार नाही म्हणून, की इंदापूरनंतर माझीच हिंमत गेली म्हणून, हेही मला सांगता येत नाही. तुम्हालाही त्या दिवशी नक्की माहीत होतं, की तुम्हीही घाबरला होता?

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ते कळतं मला. पण एक सांगते. परवा भिगवणहून एकांचा फोन आला, मोठं काम आहे, कराल का म्हणाले. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. "आबांना विचारून सांगते," असं म्हणाले मी. हे काही पहिल्यांदा नाही. नव्या गिऱ्हाइकांना तुम्ही गेल्याचं ठाऊक नसतं आणि मी सांगत नाही. भिगवणच्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.