रामकुंडावरचं उदारीकरण

२७ एप्रिल, सोमवार
बातमी पक्की. आमच्या पुरोहित मंडळाचा सचिव, म्हणजे माझा पुतण्या मयुरेश, याने स्वतः फोनवर दुजोरा दिला. रविवारच्या व्याख्यानाचा वक्ता मी. विषय: उदारीकरणाचा अर्थ. ठरलेले प्राध्यापक आजारी पडले म्हणून, असंही तो म्हणाला, पण तो तपशील. रामकुंडावर श्राद्ध सांगणारा माणूस अर्थशास्त्रात एम.ए. आहे, हे नाशिकला कधीतरी कळायलाच हवं होतं.

३० एप्रिल
भाषण डोक्यात तयार. लिहायला बसलं की झोप येते, म्हणून लिहीत नाही. गोदावरीला (सौ.) सारांश ऐकवला. अर्थकारणात उदारीकरण म्हणजे गिऱ्हाइकाला निवड. राजकारणात उदारीकरण म्हणजे प्रजेला प्रश्न विचारायची मुभा. छान आहे म्हणाली, आणि दूध उतू जातंय का बघा म्हणाली.

हॉल रिकामा दिसू नये म्हणून माझ्याच यजमानांना फोन केले. आमच्याकडे यजमान गाव आणि आडनावावरून ठरतो. मालेगावकडची काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या आमची. ती घाटावर उतरली की दुसरा गुरुजी त्यांना घेत नाही, आमच्याकडे पाठवतो. मृण्मयीने (कन्या; माझ्याकडेच शिकली, हल्ली वास्तुशांती वगैरे सांगते) विचारलं, बाबा, ही मोनोपॉली ना? ही परंपरा, असं सांगितलं. एम.ए. कोण आहे?

३ मे, रविवार, संध्याकाळी
अपूर्व. परमिट राज सोलून काढलं. शेवटी आवेशात म्हणालो, ज्याला स्पर्धेची भीती वाटते त्याने दुकान बंद करावं. टाळ्या. मयुरेशने व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकला. मालेगावचे रावजी, कापडाचे व्यापारी, माझे सर्वांत जुने यजमान, पहिल्या रांगेत मान डोलवत होते. नंतर बाहेर मृण्मयीशी बराच वेळ बोलत उभे होते. भाषणाबद्दलच असणार.

५ मे
रावजींचा फोन. तेरा तारखेला त्यांच्या आईचं, चतुराबाईंचं, वर्षश्राद्ध. ते मृण्मयीने सांगावं म्हणतात. मी हसलो. ते हसले नाहीत.

"गुरुजी, बाबांच्या श्राद्धाला आई दरसाल विचारायची, हे काय सांगून ऱ्हायले? तुम्ही म्हणायचे, पुढं चला. ती गेली, तिला काय समजलं नाय. ताईनं मला उभ्या उभ्या अर्थ सांगितला. आन् निवडीचं तर तुम्हीच बोलले."

रेंज जातेय असं सांगून फोन ठेवला. घाटावर रेंज उत्तम आहे.

६ मे
धोरण ठरलं. उदारीकरण एकदम करत नसतात, टप्प्याटप्प्याने करतात. पहिल्या टप्प्यातून श्राद्ध वगळायचं. नवख्या उद्योगाला सुरुवातीला संरक्षण द्यावं लागतं, हे जगभर मान्य आहे. गोदावरीने विचारलं, यात नवखं कोण? स्पर्धेच्या बाबतीत मी नवखाच, असं म्हणालो.

"एकसष्टाव्या वर्षी?"

आतल्या खोलीत मृण्मयी हसली. प्रश्न विचारायची मुभा घराला लागू नाही, हे भाषणात स्पष्ट करायला हवं होतं.

८ मे
मयुरेशला गाठलं. मंडळाने या प्रकाराला आळा घालावा. तो म्हणाला, काका, यजमान तुमचे, मुलगी तुमची, मंडळ मध्ये कुठे आलं? उलट बाकीचे गुरुजी तुमच्यावर चिडलेत. त्यांचेही यजमान तुमचा व्हिडिओ दाखवून आपल्या पसंतीचा गुरुजी मागू लागलेत. व्हिडिओ काढून टाक म्हटलं. म्हणाला, काढला, पण तोवर मालेगावपर्यंत पोचला होता. सध्या घाटावर मला कोणी चहा विचारत नाही. द्रष्ट्यांचं असंच होतं.

९ मे
संरक्षण नको, दर्जा हवा. आजपासून प्रत्येक मंत्राचा अर्थ सांगायचा. दिंडोरीच्या एका कुटुंबावर लगेच प्रयोग केला. पहिला अर्थ झकास. दुसऱ्या मंत्राला थांबलो. तोंडपाठ आहे, झोपेतही म्हणेन, पण अर्थ समोर येईना. घरातल्या म्हाताऱ्या बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पुढे चला म्हणालो.

संध्याकाळी मृण्मयीला तोच मंत्र विचारला. परीक्षा म्हणून. तिने अर्थ सांगितला. बरोबर असावा.

११ मे
रात्रभर विचार करून तोडगा काढला. रावजींना फोन केला. मी आणि मृण्मयी, दोघंही समोर बसतो, निवड तिथेच करा, हाच खरा खुला बाजार. स्वतःवर विश्वास असलेला माणूसच असं म्हणू शकतो.

"केली ना, गुरुजी," रावजी म्हणाले. आवाज इतका मऊ होता की रागावताही येईना.

१२ मे, संध्याकाळी
विधी मृण्मयीच सांगणार. अर्थात यजमान घरातच राहिले, त्यामुळे याला पराभव म्हणता येत नाही. ही अंतर्गत पुनर्रचना. तिला दर्भ, तीळ, पिंडांचा भात हातात द्यायला एक माणूस हवा होता. गोदावरीने माझं नाव सुचवलं. मी बोलायच्या आत मंजूर झालं.

सूचना मिळाल्या आहेत. मध्ये बोलायचं नाही. रावजींनी मला काही विचारलं तर मृण्मयीकडे बघायचं.

उद्या सकाळी आठला रामकुंड. ऊन कडक असेल असा अंदाज आहे. छत्री मी धरायची आहे. तिच्या डोक्यावर.