रिकामी दिसलेली खाट

सोलापूर

ती. आईस,
दिग्विजयचा नमस्कार. मी मजेत आहे, डबा वेळेवर येतो, तुझी शेंगाचटणी अजून पुरतेय. फोनवर तू दोन शब्दांत उरकतेस, म्हणून लिहितोय.

कुठल्या दवाखान्यात खाट रिकामी आहे, ते लोक आमच्या वेबसाइटवर बघतात. तापाची साथ आली आणि गर्दीनं ती सारखी बंद पडू लागली. मग आम्ही दर वेळी दवाखान्याला विचारणं सोडलं. एकदा आलेलं उत्तर साठवायचं आणि काही वेळ सगळ्यांना तेच दाखवायचं. साइट पळायला लागली. साहेबांनी पेढे वाटले.

काल करकंबचा एक माणूस आजारी बायकोला घेऊन इथल्या दवाखान्यात आला. साइटवर खाट रिकामी होती, दवाखान्यात कधीच भरली होती. त्याचा फोन मीच उचलला. "तुमचं बघूनच निघालो की ओ," एवढंच म्हणाला. तिला दुसरीकडे जागा मिळाली म्हणे, पण मी तसाच साहेबांकडे गेलो.

साहेब म्हणाले, एवढं चालायचंच. मी लई भांडलो. शेवटी ठरलं, खाटांचं उत्तर आता ताजंच दाखवायचं, साइट हळू चालली तरी चालेल.

शेजारच्या रंभाकाकूंचा फोन आला होता. तू न्हाणीत चक्कर येऊन पडलीस? मला का नाही सांगितलंस? मी विचारायच्या आतच तुझं "बरी हाय की" तयार असतं, दर वेळी त्याच सुरात.

रविवारी फोन करतो. कशी आहेस विचारलं की लगेच उत्तर देऊ नकोस. वेळ लागू दे, पण आत्ताचं सांग.

तुझाच,
दिग्विजय